गढूळ बीअर आणि काकूंचं नाक



आपल्या या पानावर आजवर पुडाच्या वड्या, कटाची आमटी, दिवाळीचा फराळ असे खाण्यापिण्याचे बरेच लेख आले. त्यातलं 'पिण्याचे' म्हणजे पन्हं आणि मठ्ठा. आज आम्ही बीअरबद्दल लिहितो आहोत. काही ज्येष्ठांच्या भुवया उंचावतील याची कल्पना आहे, म्हणून आधीच सांगतो: जे पीत नाहीत त्यांनी प्यायला लागावं असं आम्हांला मुळीच वाटत नाही. हा लेख लिहिणाऱ्या आम्हा पाच जणांपैकी तिघं स्वतः पीत नाहीत. त्यांतल्याच एका काकूंमुळे हा लेख लिहायची वेळ आली.

झालं असं की, गेल्या हिवाळ्यात एका मुंजीसाठी आम्ही झेलम एक्सप्रेसने पुण्याला गेलो होतो. काकूंचा पुतण्या तिथे एका छोट्या ब्रुअरीत बीअर बनवायचं काम करतो. शिकलेला केमिकल इंजिनिअर आहे, पण भोपाळमध्ये त्याच्या नोकरीबद्दल विचारलं की त्याचे वडील "फूड प्रोसेसिंगमध्ये आहे" एवढंच सांगतात. ते स्वतः भेलमधून निवृत्त झाले, जन्मभर तपासणी विभागात होते. खोटं बोलत नाहीत, पण पूर्ण खरंही सांगत नाहीत. मुंजीच्या दुसऱ्या दिवशी पुतण्या म्हणाला, "काका, काकू, उद्या सकाळी अकराला या. मला माणसं हवी आहेत. प्यायला नको, वास घ्यायला." आम्ही गेलो. वडीलही आले, पण चहाचा कप घेऊन बाजूच्या बाकावर बसले आणि पेपर उघडला.

त्याने आमच्यासमोर जी ठेवली ती 'हेझी आयपीए' नावाची बीअर. तिची परीक्षा कशी करतात, हे त्या सकाळी आम्ही शिकलो. थोडं नंतर वाचून काढलं. ते सगळं इथे मांडतो आहोत.

नावातला 'इंडिया'

आयपीए म्हणजे इंडिया पेल एल. नावात आपला देश आहे, पण ती आपल्यासाठी बनलेली नव्हती. अठराव्या शतकाच्या शेवटी लंडनच्या पूर्वेला बो या भागात जॉर्ज हॉजसनची ब्रुअरी होती. ईस्ट इंडिया कंपनीची जहाजं जिथून सुटत तो धक्का तिथून जवळ. हॉजसन जहाजांच्या कप्तानांना भरपूर उधारी द्यायचा, म्हणून त्याची बीअर मुंबई, मद्रास, कलकत्त्याला जाऊ लागली. सुएझ कालवा १८६९ साली खुला झाला. त्याआधी जहाज आफ्रिकेला वळसा घालून, दोनदा विषुववृत्त ओलांडून, चार-सहा महिन्यांनी इथे पोचायचं. एवढ्या प्रवासात बीअर आंबू नये म्हणून तिच्यात हॉप्स जास्त घालत. हॉप्समधल्या कडू द्रव्यांमुळे बीअर आंबवणाऱ्या काही जिवाणूंची वाढ रोखली जाते.

हॉजसनने ही बीअर 'शोधून काढली' असं जे सर्रास सांगतात ते आता इतिहासकारांना मान्य नाही. हॉप्स जास्त घालायची युक्ती आधीपासून माहीत होती, आणि काळी पोर्टर बीअरही त्याच जहाजांतून इकडे भरपूर येत होती. १८२०च्या सुमारास बर्टन-अपॉन-ट्रेंट या गावातल्या ऑलसॉपने तशीच फिकी बीअर करायला घेतली. तिचा पहिला नमुना त्यांच्या कारागिराने म्हणे चहाच्या किटलीत उकळला होता. बर्टनच्या पाण्यात जिप्समचा अंश भरपूर, त्यामुळे कडवटपणा स्वच्छ आणि धारदार उतरायचा. 'इंडिया पेल एल' हे नाव जाहिरातींमध्ये १८३०च्या दशकात दिसू लागतं. पिणारे होते गोरे शिपाई आणि साहेब.

पुण्याच्या गोष्टीत मात्र आपलं एक गाव आहे. २००९ साली पुण्यात 'डूलाली' नावाची मायक्रोब्रुअरी सुरू झाली, देशातल्या अगदी सुरुवातीच्या मायक्रोब्रुअरींपैकी एक. हे नाव नाशिकजवळच्या देवळालीवरून आलं. देवळालीच्या छावणीत मायदेशी परतणारे ब्रिटिश शिपाई जहाजाची वाट बघत महिनोन्‌महिने पडून राहायचे. काम नाही, उकाडा, हिवताप. त्यात कोणाचं डोकं फिरलं की म्हणत, याला 'डूलाली टॅप' झाला. टॅप म्हणजे आपला ताप! इंग्रजीत वेडसर माणसाला आजही डूलाली म्हणतात. त्यानंतर पुण्यात इंडिपेंडन्स, ग्रेट स्टेट अशी नावं आली आणि शहर या धंद्यातलं एक ठाणं झालं.

हेझी म्हणजे नेमकं काय

जुनी आयपीए काचेसारखी स्वच्छ असे. हेझी मुद्दाम गढूळ ठेवलेली. तिचा उगम अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यात. द अल्केमिस्ट नावाच्या छोट्या ब्रुअरीने २००४ साली हेडी टॉपर नावाची बीअर काढली. तिच्यापासून ही पद्धत पसरत गेली असं मानतात. आधी तिला न्यू इंग्लंड आयपीए म्हणत. अमेरिकेतल्या ब्रुअर्स असोसिएशनने २०१८ साली स्पर्धांच्या यादीत या प्रकाराला स्वतंत्र जागा दिली. त्याआधी अनेक परीक्षक गढूळ दिसते म्हणूनच गुण कापत असत. नियमाने ते बरोबरच करत होते, पण बीअर मात्र वेगळीच होती.

आता घडण. बीअरचे चार घटक: पाणी, जवाला मोड आणून वाळवलेला माल्ट, हॉप्स आणि यीस्ट. हेझीत जवाबरोबर गहू आणि ओट्स बऱ्यापैकी घालतात. त्यांच्यातली प्रथिनं आणि हॉप्समधली तुरट द्रव्यं एकमेकांना चिकटून बारीक कणांच्या रूपात तरंगत राहतात, म्हणून ती ढगाळ. ओट्समुळे ती जिभेवर पेजेसारखी मऊ लागते. पाणीही बर्टनच्या उलट: सल्फेट कमी, क्लोराइड जास्त, म्हणजे कडवटपणा टोकदार न होता गोलाई येते.

खरी गंमत हॉप्सची. हॉप्स ही एका वेलीची फुलं आहेत. ही वेल आणि भांग एकाच कुळातली, आपल्या राज्यात हे सांगितलं की लोक लगेच कान टवकारतात. पण हॉप्समध्ये भांगेची नशा नसते. आपल्याकडे लाहौलच्या खोऱ्यात थोडे हॉप्स पिकतात, बाकी सगळे बाहेरून येतात. हॉप्स बीअरच्या काढ्याबरोबर तासभर उकळले तर कडू होतात आणि त्यांचा सुवास वाफेबरोबर उडून जातो. आपण मसालेभाताला गोडा मसाला आधी घालतो, पण कोथिंबीर शेवटी घालतो, तसंच हे. हेझीत बहुतेक हॉप्स उकळणं संपल्यावर, आणि मोठा वाटा तर बीअर आंबत असताना किंवा आंबून झाल्यावर थंडपणेच टाकतात. याला ते ड्राय हॉपिंग म्हणतात. त्यामुळे कडवटपणा कमी, सुवास मात्र भरभरून.

आणि सुवास कसला? आंबा, पेरू, अननस, संत्र्याची साल. पहिला ग्लास नाकाशी नेल्यावर आमच्यापैकी एकजण म्हणाले, "यात मँगो फ्लेवर घातलाय." पुतण्या हसला. फळाचा थेंबही नव्हता. हॉप्सच्या तेलात मर्सीन नावाचं द्रव्य असतं, तेच आंब्यातही असतं. पुण्याच्याच राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत हापूसच्या वासावर बरंच संशोधन झालं आहे. पेरू किंवा पॅशनफ्रूटसारखा जो किंचित घामट गोड वास येतो तो गंधकयुक्त थायॉल द्रव्यांचा, आणि ती नाकाला इतक्या सूक्ष्म प्रमाणात कळतात की आश्चर्य वाटावं. सिट्रा, मोझॅक, गॅलक्सी ही हॉप्सच्या जातींची नावं. आपल्याकडे हापूस, लंगडा, दशहरी म्हणतो तशी. शिवाय आंबताना यीस्टसुद्धा हॉप्सच्या काही द्रव्यांचं रूप बदलतं, त्यामुळे एकाच जातीचे हॉप्स दोन ब्रुअरींत दोन तऱ्हांनी बोलतात.

परीक्षा

पुतण्याने आमच्या हातात एकेक कागद दिला. अमेरिकेत १९८५ साली सुरू झालेला 'बीअर जज सर्टिफिकेशन प्रोग्रॅम' नावाचा परीक्षकांचा एक उपक्रम आहे. जगभरच्या अनेक स्पर्धांत त्यांचा गुणतक्ता वापरतात. एकूण ५० गुण. वास १२, दिसणं ३, चव २०, तोंडातला स्पर्श ५, एकूण ठसा १०.

काकूंनी कागद वाचला आणि म्हणाल्या, "म्हणजे न पिता पंधरा गुण मीच देऊ शकते की." अगदी बरोबर. आणि दिसण्याला फक्त ३ हे पाहून आम्हांला नवल वाटलं, कारण या बीअरचे फोटो काढणारे सगळे तिच्या दिसण्यावरच भाळलेले असतात.

तयारीच्या काही गोष्टी त्याने आधीच फोनवर सांगितल्या होत्या. अत्तर नको, गजरा नको, सकाळी लसणाची चटणी नको. टेबलावर पाणी आणि साधे मुरमुरे. आमच्यातल्या एकांनी पिशवीतून भोपाळहून नेलेली रतलामी शेव काढली, ती त्याने हसतहसत उचलून आत ठेवून दिली. लवंग-मिरीच्या शेवेनंतर जिभेला आंबा कळत नाही. ग्लास पातळ कडेचे, नुसत्या गरम पाण्याने धुतलेले. साबणाचा अंश राहिला तर फेस बसतो. फ्रीजरमध्ये गोठवलेला ग्लास अजिबात नको. फार थंड बीअरला वासच येत नाही; सुमारे ७ ते १० अंश सेल्सिअस बरं. म्हणजे फ्रिजमधून काढून पाच-दहा मिनिटं थांबायचं.

आधी बघायचं. चांगल्या हेझीचा रंग पिवळा ते हलका केशरी, संत्र्याच्या ताज्या रसासारखा. ढगाळपणा एकसारखा हवा. तळाशी गाळ, तुकडे तरंगताना दिसले तर तो ढग नव्हे, निष्काळजीपणा. रंग राखाडी किंवा तपकिरीकडे झुकला तर बीअरला हवा लागली आहे. कापलेलं सफरचंद काळं पडतं तसंच हे, आणि हेझीला ते इतर बीअरपेक्षा लवकर होतं. म्हणून डब्यावरची तारीख बघायची. दोन-तीन महिन्यांच्या आतली, आणि सतत थंड ठेवलेली असेल तरच घेण्यात अर्थ आहे.

मग वास. ग्लास एकदा हलकेच फिरवून लगेच दोन-तीन छोटे श्वास. लांब श्वास घेतला तर नाक लवकर थकतं. नाक थकलं तर? स्वतःच्या मनगटाचा, कोपऱ्याच्या आतल्या बाजूचा वास घ्यायचा. आम्हांला हा प्रकार वेडगळ वाटला, पण उपयोगी पडतो. आणि जे आठवेल ते लिहायचं, बरोबर-चूक न ठरवता. इंग्रजी कागदावर 'स्टोन फ्रूट', 'पाइनी' असे शब्द होते. आमच्या कागदांवर उतरलं: पिकलेला पेरू, नागपुरी संत्र्याची साल डोळ्यांसमोर पिळल्यावर उडतं ते तेल, आंब्याच्या अढीतलं गवत, लिंबाचं पान चुरगाळलं तर. आपल्यातली कितीतरी कुटुंबं १९५६ साली राजधानी भोपाळला आली तेव्हा नागपूरच्या सचिवालयातून इकडे बदलून आली. संत्र्याच्या बाबतीत त्यांच्या घरांना कोणी शिकवायला नको. पुतण्याने ते शब्द उतरवून घेतले. म्हणाला, 'आंब्याची अढी' याला इंग्रजीत काही शब्दच नाही.

मग घोट, लहानसा, सगळ्या जिभेवर फिरवून. सुरुवातीला गोडसर, मध्ये फळं, शेवटी कडवटपणा. तो असावा, पण राहू नये. कारल्याची भाजी गुळाने सावरली जाते तेवढाच. गिळल्यावर नाकातून श्वास सोडायचा, म्हणजे तोंडातला वास मागच्या वाटेने पुन्हा नाकात जातो. निम्मी चव तिथेच कळते. वाइनचे परीक्षक थुंकतात, बीअरचे सहसा गिळतात, कारण कडवटपणा घशाशी कळतो. पण घोट मोजकेच.

स्पर्श म्हणजे तोंडाला ती कशी लागते: मऊ, भरीव, हलके बुडबुडे. घशात हिरवट जळजळ झाली, कच्चा चहा चावल्यासारखं तुरट वाटलं, तर हॉप्सचे कण अजून खाली बसलेले नाहीत. या दोषाला 'हॉप बर्न' म्हणतात, आणि नव्या ब्रुअरींच्या हेझींत तो फार दिसतो. जास्त हॉप्स म्हणजे जास्त चांगली बीअर, हा समज त्याला कारणीभूत आहे असं आमचं मत झालं. मसाला जास्त म्हणजे आमटी चांगली, असं आपण स्वयंपाकघरात कधी म्हणत नाही.

इथे एक हिशेब. या बीअरमध्ये मद्यार्काचं प्रमाण साधारण ६ ते ९ टक्के असतं. फळांच्या रसासारखी लागते म्हणून ते जाणवत नाही. साडेसहा टक्क्यांची ५०० मिलीलिटर हेझी म्हणजे ३० मिलीलिटरचे अडीच पेग व्हिस्की. त्या सकाळी कोणालाही एका नमुन्याचं ५० मिलीलिटरच्या वर मिळालं नाही, आणि ते पुरलं. रक्तदाब, मधुमेह, झोपेच्या गोळ्या चालू असणाऱ्यांनी आणि गाडी चालवणाऱ्यांनी नुसता वास घ्यावा. आणखी एक: पुण्याहून येताना मुलांना "चार डबे घेऊन ये" असं सांगू नका. एका राज्यातली दारू दुसऱ्या राज्यात नेण्याचे अबकारी नियम कडक आहेत, आणि झेलमच्या डब्यात दिवसभर तापलेली हेझी तशीही वाया गेलेली असते.

तीन ग्लास

आता मुख्य गोष्ट. त्याने प्रत्येकासमोर तीन ग्लास ठेवले. खाली खडूने १, २, ३. काय आहे ते सांगितलं नाही.

पहिला सुरेख होता. आमच्यातल्या पिणाऱ्या दोघांनी ५० पैकी ३८ आणि ४० दिले. तक्त्याप्रमाणे ३८ पासून पुढे म्हणजे 'उत्कृष्ट'.

दुसऱ्याचा रंग मळकट. वास ओल्या पुठ्ठ्याचा, थोडा जुन्या मधाचा. फळं गेलेली. हा पहिलाच माल, पण महिनाभर मुद्दाम बाहेर, उन्हाळी खोलीत ठेवलेला. तो त्याने शिकवण्यासाठी ठेवला होता. १९ गुण.

तिसरा दिसायला पहिल्यासारखाच. एकजण म्हणाले छान, दुसरे म्हणाले पहिल्याहून गोड. पुतण्या स्वतः म्हणाला, "मला हा आवडतो, उद्या केगमध्ये भरायचा आहे. शनिवारी लाँच आहे."

काकूंनी ग्लास उचलला, हुंगला, खाली ठेवला. पुन्हा हुंगला. मग म्हणाल्या, "अरे, हे लोणी कढवायला ठेवल्यासारखं येतंय."

पुतण्या गप्प झाला. त्याने पुन्हा वास घेतला. "मला नाही येत, काकू."

"मला येतंय. आंब्याच्या मागे. ताक घुसळून लोणी वर येतं ना, तसं. फार नाही."

या वासाला डायअसेटिल म्हणतात. लोण्याला, ताकाला, तुपाला जो ओळखीचा वास आहे त्यात हेच द्रव्य असतं, म्हणून स्वयंपाकघरात ते गुण आहे, हेझीत दोष. बीअरमध्ये दहा लाख भागांत एका भागाचा दहावा हिस्सा एवढं असलं तरी बऱ्याच जणांना कळतं. 'बऱ्याच' म्हणायचं कारण असं की काही माणसांच्या नाकाला ते जन्मतःच कमी कळतं. पुतण्याला हे स्वतःबद्दल माहीत होतं. कोर्स करताना लक्षात आलं होतं, त्याने कुणाला सांगितलं नव्हतं. आम्हांला कशासाठी बोलावलं होतं, ते तेव्हा कळलं.

हेझीत हा दोष येण्याची वाट थोडी आडवळणाची आहे. नेहमीच्या बीअरमध्ये यीस्ट आंबताना डायअसेटिलचं पूर्वरूप सोडतं. त्यातून डायअसेटिल तयार होतं आणि थोडे दिवस उबेत ठेवलं तर तेच यीस्ट ते पुन्हा शोषून घेतं. पण हेझीत आंबून झाल्यावर भरपूर हॉप्स टाकतात, आणि हॉप्समध्ये थोडी पाचक विकरं असतात. यीस्टला न पचणाऱ्या मोठ्या साखरा ती तोडून देतात. झोपायला निघालेलं यीस्ट पुन्हा जेवायला उठतं आणि पुन्हा ते पूर्वरूप सोडतं. याला 'हॉप क्रीप' म्हणतात. अशा वेळी घाईने टाकी थंड करून बीअर भरली, तर ते पूर्वरूप आत तसंच राहतं आणि आठवड्याने ग्राहकाच्या ग्लासात लोणी होऊन येतं. भरताना वास नसतोच. या टाकीत मात्र थोडा येऊ लागला होता.

पुतण्याने ताबडतोब एक साधी चाचणी केली, ती इथे सांगतो. तिसऱ्या टाकीतून दोन बाटल्यांत नमुना घेतला. एक थंड ठेवली. दुसरी तोंड झाकून ६० अंशांच्या गरम पाण्यात वीसेक मिनिटं. उष्णतेने लपलेलं पूर्वरूप झटकन डायअसेटिलमध्ये बदलतं. मग दोन्ही सारख्या तापमानाला आणून शेजारी ठेवल्या आणि झाकण काढून हुंगायच्या. दोन्हींत लोणी नाही, तर बीअर तयार. फक्त गरम केलेलीत आलं, तर अजून थांबा.

त्याने गरम केलेली बाटली काकूंच्या नाकाशी नेण्याआधीच आम्हा सगळ्यांना वास आला. सिनेमागृहातल्या पॉपकॉर्नचा.

मग तो कोपऱ्यात जाऊन फोनवर बोलला. मालकाशी बोलत असावा. आम्हांला एवढंच ऐकू आलं: "नाही सर, शनिवारी नाही देता येणार. टाकी अजून पाच दिवस अठरा अंशांवर राहू दे... हो, मी चुकलो, चाचणी आधीच करायला हवी होती... नाही, भरणार नाही." पलीकडचं बोलणं बराच वेळ चाललं होतं. त्याचा चेहरा उतरलेला.

त्याच्या वडिलांनी पेपर घडी करून ठेवला होता, कधी ते आम्ही पाहिलं नाही. ते उठून टेबलापाशी आले. दोन बाटल्या, तीन ग्लास आणि आमचे गुणांचे कागद बघत राहिले. मग विचारलं, "ही चाचणी दर टाकीला करतोस?"

"करायला पाहिजे. या वेळी घाई झाली."

"नोंद कुठे ठेवतोस?"

पुतण्याने वही दाखवली. वडिलांनी चष्मा चढवला, दोन पानं चाळली. "तारीख आहे. टाकीचा नंबर आहे. कोणी हुंगलं त्याची सही नाही. तुला येत नाही म्हणतोस ना हा वास, मग तुझी एकट्याची सही चालणार नाही. दुसरा माणूस पाहिजे. आमच्याकडे टर्बाइनचं पातं एकाच्या सहीवर कधीच जात नव्हतं."

मग त्यांनी गरम केलेली बाटली उचलून स्वतः हुंगली, आणि थंड बाटली. काकूंकडे बघून म्हणाले, "लोणीच."

सहाव्या दिवशी, आम्ही भोपाळला परतल्यावर, काकूंना फोन आला. दोन्ही बाटल्यांत काही नव्हतं, टाकी थंड केली. आता दर टाकीला ब्रुअरीतली एक स्वयंपाकीण बाई त्याच्या बरोबरीने सही करते. वहीत एक रकाना वाढवला आहे.

मागच्या महिन्यात गणपतीच्या तयारीच्या बैठकीत त्याच्या वडिलांना कोणीतरी विचारलं, मुलगा काय करतो. ते म्हणाले, "पुण्यात बीअर बनवतो. क्वालिटीचं कामही तोच बघतो."